न बुडलेलं घटिकापात्र

फार वर्षं झाली. तेव्हा गावात घड्याळ नव्हतं, अंतोबा जोशी होते. लग्न कुणाचंही असो, बोहल्याशेजारी पाण्याचं घंगाळ मांडून त्यात ते तांब्याची वाटी सोडायचे. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. त्यातून पाणी चढायचं, वाटी बुडायची, जोशीबुवा ‘घटका भरली’ म्हणायचे आणि अक्षता पडायच्या. असं म्हणतात, की वेळेच्या बाबतीत ते जन्मात खोटं बोलले नाहीत.

पण ते दमले होते. त्या काळी दहा-बारा वर्षांची पोरं बोहल्यावर चढायची. आज विटीदांडू खेळणारं पोर उद्या संसाराला जुंपलं जायचं आणि विशीतच कंबर धरून ओट्यावर बसायचं. जोशीबुवांचंही अकराव्या वर्षीच उरकलं होतं. वाटीकडे बघता बघता त्यांना ती सगळी पोरं नावानिशी आठवायची, आणि फार वाईट वाटायचं.

एकदा हैबतराव पाटलांच्या सुभानचं लग्न निघालं. पोर बारा वर्षांचं. मुहूर्त गोरजाचा, त्या साली शेवटचाच. तो हुकला तर लग्न मोडणार. बाशिंगाच्या ओझ्याने सुभानची मान कलली होती, मुठीत भोवऱ्याची दोरी होती. त्याने जोशीबुवांना हळूच विचारलं, “बाबा, लगीन झाल्यावर खेळाया जाता येतं का?”

“नाही रे बाळा,” जोशीबुवा म्हणाले, आणि त्यांनी वाटी पाण्यात सोडली.

असं म्हणतात, की ती वाटी बुडालीच नाही. गुरं घरी आली, धूळ खाली बसली, तरी वाटी आपली तरंगतेच आहे. पाटलांनी ती उचलून दिवटीसमोर धरली. भोक मोकळं होतं. पुन्हा सोडली, पुन्हा तरंगली. अंधार सगळ्यांनाच दिसत होता, पण घटका भरल्याशिवाय अंतरपाट दूर करायला कुणी धजेना. आठ वर्षांची नवरी आईच्या मांडीवर झोपून गेली. मुहूर्त टळला, व्याही वऱ्हाड घेऊन उठले.

“जोशीबुवा, काय केलंत ह्ये?” पाटलांनी विचारलं.

“मी काही केलं नाही, पाटील. करायला हवं होतं. चाळीस वर्षांपूर्वीच.”

दुसऱ्या दिवशी सुभान पारापुढे भोवरा फिरवत होता. जोशीबुवा दिवसभर तेच बघत बसले. मग पिंपळाला टेकून त्यांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत.

ते गेले आणि वाटी चारचौघींसारखी बुडायला लागली. पुन्हा चमत्कार होईल या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. म्हणून गावाने त्या भोकात मेण भरलं. वाटी आजही मारुतीच्या देवळात असते. मुलाला एकवीस वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच्या मनात असलं, की ते मेण बाभळीच्या काट्याने त्यानेच काढायचं. त्याआधी कुणी घाईने पोराच्या लग्नाची गोष्ट काढली, तर म्हातारी माणसं देवळाकडे बोट दाखवतात.

“थांब जरा,” म्हणतात. “अजून तरंगतेय.”