भूमिपुत्र भवनाचा स्लॅब

नगरसेवक बाजीरावअण्णांनी सकाळीच बिहारी मजुरांच्या झोपड्यांचा नळ तोडला आणि दुपारी ते स्वतःच्या भूमिपुत्र भवनाच्या बांधकामावर आले. तिथे त्याच मजुरांनी स्लॅब अर्धा भरला होता.

"यमुनाक्का, हे परके आत्ताच्या आत्ता हाकला!"

मुकादम यमुनाक्कांनी मिक्सर बंद केला. "हाकलते की. पण अर्ध्यावर थांबलेला स्लॅब जन्मभर गळतो, अण्णा. तुमची वीस पोरं घमेली उचलायला द्या."

अण्णांच्या मागे उभी पोरं आपापले पांढरे कपडे न्याहाळू लागली.

"बरं, आजचा दिवस राहू दे त्यांना."

"आजचं काय घेऊन बसलात? पुढे एकवीस दिवस स्लॅबला पाणी पाजायचंय. पाजणाऱ्यांना आधी प्यायला द्या."

अण्णांनी प्लंबरला फोन लावला. नळाला धार लागल्यावरच मिक्सर पुन्हा घरघरला.