नऊशेवा मुखवटा

"...मग सांगा बुवा, या बावीस जणांतला आमचा कोण?"

रेवणबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या अंगणात बसून ते भिजवलेले वाल सोलत होते. शेजारी त्यांचे बावीस शिष्य ओळीने तेच करत होते.

"ओळख की," बुवा म्हणाले. "माणूस तुझा, आणि विचारतोस मला?"

विचारणारा होता अग्रमुख, त्रिशिखर साम्राज्याच्या अमर पलटणीचा सेनापती. तोंडावर लोखंडी मुखवटा. मागे उतारावर त्याची पलटण उभी होती. तिच्याही तोंडांवर तसेच मुखवटे, सगळे एकाच साच्यातले.

काय दरारा होता हो या पलटणीचा! नुसतं नाव काढलं तरी गावं रिकामी व्हायची. मोजून नऊशे शिपाई. एक पडला की त्याचा मुखवटा कुठूनतरी धरून आणलेल्या दुसऱ्याच्या तोंडावर. समोरच्याला वाटावं, हे मेले मरतच नाहीत! शिपाई जेवायलासुद्धा एकमेकांकडे पाठ करून बसत. चेहरा कोणी कोणाला दाखवायचा नाही. आणि नऊशेला एक जरी कमी असला, तरी पलटण मोहिमेवर कूच करत नसे. शंभर वर्षांचा हा रिवाज.

गाडं अडलं होतं ते इथेच. पलटण निघाली होती टेकडीपलीकडचं सोनखोरं जाळायला. तिथल्या लोकांनी सम्राटापुढे गुडघे टेकायला साफ नकार दिला होता. पण अकरा दिवसांपूर्वी एक शिपाई मुखवटा तंबूच्या खांबाला टांगून पसार झाला, आणि उरलेले आठशे नव्याण्णव जिथल्या तिथे बसले. आसपासची गावं ओस पडलेली. माणूस म्हणून उरला होता तो या मठातच.

पळालेला शिपाई होता सिदोजी. तोही त्या बाविसांतच बसून वाल सोलत होता. आल्या दिवसापासून बुवांनी त्याला कोण, कुठला, काही म्हणून विचारलं नव्हतं.

अग्रमुख ओळीपुढून चालत गेला. एकेका तोंडासमोर थांबला. सिदोजीसमोरही थांबला...

आणि पुढे गेला.

ओळखणार कसा, कपाळ त्याचं! सिदोजी तीन वर्षं त्याच्या घोड्यामागे चालला होता, पण चेहरा पाहिला होता कोणी?

ओळीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

अग्रमुखाचं डोकं फिरलं. "ठीक आहे. मला तोच हवा असं कुठे आहे? मुखवटा भरला म्हणजे झालं. कोणीही चालेल." त्याने रिकामा मुखवटा ओळीतल्या भैरू कुंभारापुढे फेकला. "चढव. तुझ्याच हाताने, रिवाज आहे तसा. नाहीतर या म्हाताऱ्याचं मुंडकं आत्ता सुपात पडेल."

भैरूचं तोंड पांढरंफटक पडलं. "सरकार, माझी पोरंबाळं सोनखोऱ्यात आहेत हो..."

सिदोजी उठला. उठायचं ठरवलं नव्हतं, पण उठला खरा.

"त्याला सोडा. पळालो तो मी."

आता अग्रमुख गरजेल, का पळालास म्हणून विचारेल, असं त्याला वाटलं. अकरा दिवस त्याने उत्तर घोटून ठेवलं होतं. झोपलेल्या माणसांच्या छपरावर पलिता टाकणं याला शौर्य म्हणत असाल, तर थू तुमच्या शौर्यावर. शब्द न् शब्द तयार होता.

अग्रमुखाने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

"बरं. मग तू चढव. मला काय, कोणीही चालेल."

तलवारीचा घाव परवडला असता. अकरा दिवस पान हललं तरी सिदोजी दचकत होता. आणि यांना तो नकोच होता! हवं होतं नुसतं मुखवट्यात घालायला एक डोकं. त्याला रडू आलं आणि रागही आला.

"नाही चढवणार!" तो ओरडला. "मला मारा. तुकडे करा. पण माझ्या पायांनी पलटण सोनखोऱ्यात जाणार नाही."

"तुला मारून माझा मुखवटा भरतो का?" अग्रमुखाने तलवारीचं टोक बुवांच्या मानेला लावलं. "बोल लवकर."

"बुवा, मी काय करू?" सिदोजीचा आवाज फुटला. "हो म्हणालो तर खोरं जातं. नाही म्हणालो तर तुम्ही जाता."

बुवांनी सूप बाजूला सारलं. हात धोतराला पुसले.

"आण इकडे."

"काय?"

"तो मुखवटा रे."

त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी! धुता की नाही कधी?" मग अग्रमुखाला विचारलं, "कोणीही चालेल म्हणालास ना?"

"तुला सत्तरी उलटली असेल, म्हाताऱ्या."

"चालेल की नाही, एवढंच सांग."

अग्रमुख हसला. वाटेत मेला तरी काय बिघडतं? कूच तर होईल. पुढचं पुढे.

"चालेल."

"बुवा, नको!" सिदोजी कळवळला. पण बुवांनी मुखवटा चढवलासुद्धा. मागचा पट्टा स्वतःच आवळला. ते जाऊन शेवटच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर उभे राहिले.

नवा मुखवटा आला की पलटण शपथ घेई. अग्रमुखाने तलवार उंच केली आणि सगळ्यांच्या पुढे होऊन शपथ म्हटली. मागून पलटण गरजली.

"नऊशे मिळून एक! मुखवटा मुखवट्यावर हात उचलणार नाही! उचलील त्याने आधी स्वतःचा मुखवटा उतरवावा!"

नगारा झडला. "चला!"

पलटणीने पाऊल उचललं.

बुवा मात्र खाली बसले. चांगली मांडी घालून बसले.

उचललेली पावलं तशीच परत टेकली. नऊशे भरले होते, पण चालत होते आठशे नव्याण्णव. नगारा गप्प झाला.

"ऊठ!" अग्रमुख ओरडला.

"नाही उठत."

"उचला रे त्याला!"

कोणी हललं नाही. पुढच्या ओळीतला एक शिपाई चाचरत म्हणाला, "सरकार... शपथ. आत्ताच घेतली."

अग्रमुख ताडताड चालत आला. बुवांच्या डोक्यावर त्याने तलवार उगारली. सिदोजी धावला आणि बुवांना खेटून, उघड्या तोंडाने, खाली बसला. भीती होतीच. पण आता तिथून उठायला तो तयार नव्हता.

तलवार वरच राहिली... खाली येईना.

अग्रमुखाचा डावा हात मुखवट्याच्या पट्ट्याकडे गेला. पट्टा सोडायचा, मुखवटा उतरवायचा, मग घाव घालायचा. किती सोपं!

पण साऱ्या साम्राज्यात बोलबाला होता की शिपाई बदलतात, अग्रमुख बदलत नाही. शंभर वर्षं तोच एक. त्याचा मुखवटा रिकामा झालेला कोणी पाहिला नव्हता. मागल्या थंडीत एका सकाळी त्याचा आवाज एकदम कोवळा झाला, तेव्हा सगळ्या पलटणीने तो ऐकला आणि ऐकून मुकाट गिळला. सिदोजीनेही.

उतारावरचे मुखवटे एकेक करून अग्रमुखाकडे वळले.

त्याची बोटं पट्ट्यावर थांबली.

लोखंडाआडून बुवांचा आवाज आला.

"काढ की बाळा. एवढी माणसं खोळंबलीत, तुझं तोंड बघायला."