कौलाचं अडकलेलं फूल

एका राज्यात बारा वर्षं झाली, झाडाचं फळ पडत नव्हतं, पान गळत नव्हतं, आणि माणसाने उचललेलं ओझं खाली उतरत नव्हतं. आंब्याच्या फांद्यांना बारा वर्षांचे आंबे लटकलेले. काळे पडले, सुकले, पण देठ सोडीनात. झाडं म्हातारीसारखी वाकून गेली. ज्या दिवशी हे सुरू झालं त्या दिवशी ज्याच्या डोक्यावर मोळी होती त्याच्या डोक्यावर मोळीच राहिली. तो तसाच जेवी, तसाच भिंतीला टेकून निजे.

हळूहळू लोक शहाणे झाले. कुणी काही उचलीना. बाया पाण्याचे हंडे जमिनीवरून ओढत नेत. आया लेकरांना कडेवर घेत नसत. खाली बसून पाजीत, खाली निजवून थोपटीत. लेकरू घे म्हणून रडू लागलं की आई तोंड फिरवी.

झालं होतं ते असं. त्या राज्यात डोंगरावर देवाचं देऊळ होतं. मोठं काम करायचं तर आधी देवाला कौल लावायचा, अशी तिथली रीत. ओलं फूल देवाच्या छातीवर लावायचं आणि प्रश्न विचारायचा. फूल उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. देव तोंडाने बोलत नसे, पण फूल खोटं सांगत नसे. राजा शिखरसेनाला डोंगराच्या पोटातलं धन हवं होतं. त्याने कौल लावला. फूल डावीकडे पडलं. दुसऱ्यांदा लावला. डावीकडेच पडलं. तिसऱ्यांदा लावायच्या आधी ढवळनाथ नावाच्या त्याच्या जादूगाराने फुलाला मंतरलेला डिंक लावला, की ते डावीकडे जाऊच नये.

फूल डावीकडे गेलं नाही. उजवीकडेही गेलं नाही. देवाच्या छातीवर चिकटून राहिलं.

राजा म्हणाला, "देव 'नाही' असं तर म्हणाला नाही ना? खणा."

खणलं. धनाचा हंडा निघाला. पहिला मान राजाचा, म्हणून राजाने तो आपल्या डोक्यावर घेतला. तेव्हापासून हंडा त्याच्या डोक्यावरच होता.

लोक देवळात रोज जात. माझी मोळी उतरव म्हणत, माझी गोण उतरव म्हणत, आणि परत येत. फूल उपटून पाहायला पैलवानही आले होते, पण कौलाचं फूल माणसाच्या हाताने निघत नाही. पुढे कुणी त्याच्याकडे बघेनासं झालं.

त्या देवळाची झाडलोट गुरवाच्या घरी होती. त्या घरच्या सुनेचं नाव भिवरा. नवरा दूरदेशी, घरात सासू, आणि आठ महिन्यांची लेक आवडी. आवडीला ताप आला. पाच दिवस झाले, उतरेना. भिवराने पाच दिवस डोळ्याला डोळा लावला नव्हता. सहाव्या सकाळी पोर कण्हली, आणि भिवराने तिला उचलून खांद्याशी धरलं. उचललं तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

सासूने चुलीपुढून पाहिलं. हातातली फुंकणी तशीच राहिली.

"भिवरे, काय केलंस गं हे?"

"विसरले, आत्याबाई."

"असं कसं कुणी विसरतं?"

"झोप नाही ना. विसरले."

वैद्य आला. त्याने पोरीची नाडी पाहिली आणि भिवराकडे न बघता म्हणाला, "हिला पाठ टेकून निजायला मिळालं तर ताप जाईल. खांद्यावर राहून जायचा नाही."

"किती दिवस आहेत?"

"सात. आठवा मी सांगत नाही."

भिवरा पोरीला घेऊन देवळात गेली. तीही मागायलाच गेली होती. एक हात पोरीत अडकलेला, हात जोडता येईनात, म्हणून नुसती मान लववली आणि वर पाहिलं. इतके दिवस ती खाली बघून झाडत आली होती. आज तिला दिसलं, की डिंकाच्या वासाने मुंग्यांची रांग देवाच्या छातीवर चढली आहे, मानेवर गेली आहे, डोळ्यांत शिरली आहे.

मागायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. माझ्या पोरीच्या डोळ्यांत अशा मुंग्या असत्या तर, असं तिच्या मनात आलं. पदराचं टोक भिजवलं आणि एका हाताने एकेक मुंगी पुसून काढली.

"आधी तुझं करते," ती म्हणाली. "मग माझं सांगते."

खूप वेळ लागला. संपलं तेव्हा पोर कण्हत होती, आणि आपण काय सांगायला आलो ते तिला नीट आठवेना.

"बारा वर्षांत पहिल्यांदा," कुणीतरी म्हणालं.

खांबाशी एक साळुंकी बसली होती. बारा वर्षांत तिचं एक पीस गळलं नव्हतं, नवी मात्र फुटत राहिली. गोधडी पांघरल्यासारखी दिसत होती. उडणं बंद झालं होतं, चालत येत-जात असे.

"माझं, माझं, माझं ऐकून कान किटले," साळुंकी म्हणाली. "तुझं म्हणणारी तू पहिली."

"मुंग्या होत्या म्हणून."

"मुंग्या बारा वर्षं होत्या, बाई. ऐक. देवाचा शब्द त्या फुलात अडकलाय. तो सुटल्याशिवाय राज्यातलं काही सुटायचं नाही. तीन कामं आहेत. ज्याने डिंक लावला त्याच्याकडून डिंक सोडवणारं पाणी आण. ज्याने धन काढलं त्याला धनासकट इथे आण. आणि तिसरं, जो प्रश्न अर्धा राहिला तोच देवाला पुन्हा विचार."

"तीन कामं माझ्याने व्हायची नाहीत. माझ्याकडे सात दिवस आहेत."

"मग राहू दे."

"राहू दे कसं म्हणतेस? दुसऱ्या कुणाला सांग."

"कुणाला सांगू? सगळे बोलतात आणि जातात. ऐकायला कोण थांबतं?"

भिवरा घरी आली. सासूने भाकरी पदरात बांधून दिली. पोरीला खांद्याशी सावरत भिवरा निघाली.

ढवळनाथ तीन दिवसांच्या वाटेवर, रानात राहत होता. चालता चालता भिवराचा हात आधी दुखला, मग मुंग्या आल्या, मग तो आपला आहे की नाही हेच कळेना. ओढ्याशी बसून ती पोरीला पाजी, ओठ ओले करी आणि उठे. बसलं की उठवत नसे, म्हणून दुपारनंतर बसणंच सोडलं. वाटेत तोंडाने एकच चाले: आधी तुझं, मग माझं. कधी त्याचा अर्थ लागे, कधी नुसतेच शब्द.

ढवळनाथ मचाणावर होता. शाप लागला तेव्हा तो रानडुकरं हाकायला वर चढला होता, आणि मचाणाला माणूसही ओझंच. तो उतरला नव्हता. दाढी मात्र खाली जमिनीला लागली होती.

"कोण आहे?"

"गुरवाची सून. डिंक सोडवणारं पाणी हवंय."

"एवढ्या उशिरा?" तो म्हणाला. मग दाढीला बांधून त्याने एक गडू खाली सोडला. आतल्या पाण्याच्या गुणाने गडू खाली आला, गाठही सुटली, आणि तो भिवराच्या हातात पडला. "राज्यात एवढंच आहे. मी स्वतःवर ओतलं असतं, पण ज्याने डिंक केला त्याला ते लागू पडत नाही. नीट ऐक. हे पाणी पोरीच्या पाठीवर ओतलंस तर ती तुझ्या खांद्यावरून सुटेल, आजच पाठ टेकून निजेल. फुलावर ओतलंस तर फूल सुटेल. दोन्हीला पुरायचं नाही."

"हे मला सांगायला नको होतं."

"खोटं एकदाच केलं मी. पुन्हा करवत नाही."

भिवरा झाडाखाली उभी राहिली. एका हातात पोर, एका हातात गडू. पोरीची मान तिच्या गळ्याला लागत होती, आणि जिथे लागे तिथे भाजे. ती मनात म्हणाली: देवा, मी खोटं बोलत नाही. मला तू माझ्या पोरीपेक्षा मोठा वाटत नाहीस. आत्ता तर मुळीच वाटत नाहीस. पण आधी तुझं करते म्हणाले होते. हात पोरीकडे वळतोय, तेवढा धर.

हात धरला गेला की नुसता थकला होता, ते तिला कळलं नाही. ती परत फिरली.

सहाव्या दिवशी ती राजवाड्यात पोचली. राजा शिखरसेन पडद्याआड बसलेला. प्रधान त्या हंड्याला नवा मुकुट म्हणत, आणि राजाच्या मानेचं हाड छातीकडे वळलेलं कुणाला दिसत नाही असं सगळे धरून चालत. भिवराने पडद्याबाहेरून सगळं सांगितलं.

"पडदा काढा," राजा म्हणाला. मग गडूकडे बघून, "बाई, ते पाणी या हंड्यावर ओत. तुझ्या मुलीला राजवैद्य देतो, गाव इनाम देतो."

"पाणी देवाचं आहे, महाराज."

"तुझ्या हातात आहे."

"हातात आहे म्हणून तर जीव जातोय."

राजाने वाकल्या मानेनेच पोरीकडे पाहिलं. "पोरीवर का नाही ओतलंस?"

"ओतावंसं वाटतं. आता बोलताना पण वाटतंय. तुम्ही चला देवळात, म्हणजे माझं काम संपेल."

"मी चालू शकत नाही. लोक बघतील."

"महाराज," भिवरा म्हणाली, "मी आजारी पोर घेऊन सहा दिवस चालले. तुम्हाला देऊळ अर्ध्या कोसावर आहे. आणि लोकांना ठाऊक आहे. पोरं खेळताना डोक्यावर मडकं घेऊन राजा राजा म्हणतात."

प्रधानाने खाली बघितलं. राजाला हसू आलं असावं, पण मान वाकलेली, दिसलं नाही. तो उठला.

सातव्या दिवशी सकाळी राजा डोंगर चढला. दर दहा पावलांनी थांबत होता. वाटेवरचे लोक आपापल्या मोळ्या, गोणी, हंडे घेऊन मागून आले. कुणी हसलं नाही. भिवरा पुढे होती. देवळाच्या पायरीवर आली तेव्हा पोर कण्हायची थांबली होती. अंग जळत होतं, पण मान सैल पडली होती, आणि हाक मारली तरी डोळे उघडीना.

सासू धावत आली. पाण्याची गोष्ट राजवाड्यातून तिच्या कानावर आली होती. तिने पोरीच्या तोंडाजवळ कान नेला.

"भिवरे, पाणी पोरीवर ओत."

"आत्याबाई..."

"ओत म्हणते ना. देव समजून घेईल. देवाला काय, बारा वर्षं थांबला, अजून थांबेल. पोर थांबायची नाही."

मागचे लोकही तेच म्हणाले. साळुंकी खांबाशी बसून बघत होती.

भिवराला वाटलं, खरं आहे. देव थांबेल. बारा वर्षं आपण सगळे हेच म्हणत आलो, म्हणून तर फूल अजून तिथेच आहे. ती गाभाऱ्यात गेली. मुंग्या पुन्हा चढल्या होत्या. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, ही तुझी पण आहे. माझ्याकडे हिच्यासाठी होतं ते सगळं या गडूत आहे. घे."

आणि तिने पाणी फुलावर ओतलं.

डिंक पाघळला. मुंग्या वाहून गेल्या. फूल सुटलं, पण पडलं नाही, देवाच्या छातीवर ओलं होऊन थरथरत राहिलं.

"आता प्रश्न," साळुंकी म्हणाली. "एकच. दुसऱ्याला उत्तर नाही."

माझी पोर वाचेल का, हा प्रश्न भिवराच्या जिभेवर आला होता. सासू तेच पुटपुटत होती, हात जोडून. भिवराने तो मागे सारला, आणि बारा वर्षांपूर्वी राजाने विचारलेला, तिच्या कामाचा नसलेला प्रश्न विचारला.

"देवा, डोंगरातलं धन राजाने काढावं का? तू म्हणशील ते."

फूल हललं आणि डावीकडे पडलं.

तेवढा आवाजही झाला नाही. पण त्याच्या मागोमाग खालच्या आमराईतून असा आवाज आला, की जणू कुणी पोत्यामागून पोतं ओततंय. मग माणसांच्या डोक्यावरून मोळ्या घसरल्या, गोणी घसरल्या. एक म्हातारा रिकाम्या डोक्यावर हात फिरवत बसला आणि त्याला काय करावं सुचेना. राजाच्या डोक्यावरचा हंडा फरशीवर आला. राजाने मान वर केली नाही, तिला वर यायची सवय राहिली नव्हती. "जिथून काढलं तिथे पुरा," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."

भिवरा तशीच उभी.

"ठेव की गं तिला," सासू म्हणाली.

"हात उघडत नाहीत, आत्याबाई."

सासूने तिची बोटं एकेक करून सोडवली. देवापुढच्या थंड फरशीवर पदर पसरला आणि आवडीला पाठीवर निजवलं. पोर हलली नाही. साळुंकी तिच्या भोवती चालू लागली तशी तिची पिसं गळत गेली, जमिनीवर ढीग झाला, आणि आतून मुठीएवढी, नेहमीसारखी साळुंकी निघाली.

"आता सांग तुझं," ती भिवराला म्हणाली.

"त्याला दिसतंय," भिवरा म्हणाली. याहून जास्त तिच्याने बोलवलं नाही. ती पोरीशेजारी आडवी झाली.

दुपार झाली. सासू पोरीच्या कपाळावर दर थोड्या वेळाने हात ठेवी आणि काढी. ऊन पायरीवरून खाली गेलं तेव्हा हात ओला झाला. तिने पदराने हात पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा ओला. पोरीला घाम आला होता. तिने कूस बदलली आणि झोपेत ओठ चोखू लागली.

राजा डोंगरातलं काम उरकून आला. मातीने माखलेला, अनवाणी. दाराशी उभा राहून म्हणाला, "हिला म्हणावं, काय हवं ते माग."

"तिला झोप हवी होती, महाराज," सासू म्हणाली. "ती लागलीय. हळू बोला."

राजा पायरीवर बसला. कहाणी ऐकणाऱ्यांनी ऐकली, आणि सांगणाऱ्याने इथे खाली ठेवली.