खालच्या पानाचं म्हणणं

गवत बोलायचं आणि वाकणाऱ्या माणसाला ते ऐकू यायचं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका गावात गणपतीच्या देवळापुढे दूर्वांची हिरवळ होती. गाव रोज तिथून दूर्वा खुडून न्यायचं. न्यायचं ते फक्त कोवळं, तीन पानांचं. खालच्या जून पानांकडे कोण बघतंय?

बघायची ती एक म्हातारी गवळण. अधूनमधून दाताळं घेऊन यायची, बुडाशी साचलेली जुनी पानं ओढून काढायची आणि आपल्या गाईपुढे टाकायची.

पुढे गावाला नवा पाटील आला. सोवळ्याचा फार. "देवाच्या दूर्वांत हिचं गोठ्यातलं दाताळं?" असं म्हणून त्यानं हिरवळीला कुंपण घातलं. खुडणं मात्र वाढवलं, कारण त्यानं देवाला लाख दूर्वांचा नवस बोलला होता.

पावसाळा सरता सरता हिरवळीवर तपकिरी ठिपके उठले. ठिपक्यांचे डाग झाले, डागांचे मोठाले चट्टे झाले.

पाटील गरजला, "ही गवळणीची करणी! उत्सवाला कोवळी दूर्वा मिळाली नाही, तर हिनं गाईसकट गाव सोडायचं."

गवळण म्हणाली, "माझ्या करणीत एवढा जोर असता ना पाटील, तर डाग आधी तुमच्या मिशीवर उठले असते!"

लोक हसले. पण हसून काय होतं? म्हातारीचं घर जायची वेळ आली होती.

पाटलाची सून चौकस होती. ती कुंपणाआत शिरली, गुडघ्यांवर बसली आणि चकित झाली. डाग सगळे खालच्या पानांवर. वरची कोवळी पानं स्वच्छ.

तिनं कोवळ्या पानाला विचारलं, "तुला कसा डाग नाही रे?"

"बुरशी माझ्याकडेही येते," ते म्हणालं. "पण माझ्या अंगात रस आहे. मी तिला बसू देत नाही."

तिनं खालच्या पानाला विचारलं, "आणि तू?"

"रस माझ्यातही होता. वर पाठवला, त्यावर हे पोर वाढलं. वाढलं की तुम्ही खुडता. मग नवा फुटवा, पुन्हा माझ्याच अंगातून. आता मी रिकामं. रिकाम्या घरात बुरशी पाय पसरते, आणि इथून शेजारी जाते."

"मग तुझ्यासाठी काय करू?"

"माझी कीव करू नकोस. माझं काम झालं. मला वेळेवर उचल, आणि या पोराला जरा वाढू दे."

सून धावत घरी आली. "मामंजी, खुडणं थांबवा. गवळणीला आत येऊ द्या. गवत सांगतंय!"

"गवत कधी बोलतं का?"

"वाकलं की बोलतं, मामंजी."

पाटील वाकणारा नव्हता. पण सूनही हटणारी नव्हती. शेवटी ठरलं, अर्धी हिरवळ पाटलाच्या रीतीनं, अर्धी सुनेच्या.

गवळणीनं सुनेच्या अर्ध्यातली जुनी पानं काढली. सुनेनं तिथं कुणाला खुडू दिलं नाही. ती रोज जाऊन वाकून बघायची. "तुला हे सगळं ठाऊक होतं का गं मावशी?" तिनं विचारलं.

"छे! मला गाईचं पोट ठाऊक होतं," गवळण म्हणाली.

उत्सवाचा दिवस उजाडला. पाटलाची बाजू करपलेल्या गोधडीसारखी पडली होती. गवळणीनं साफ केलेली बाजू लसलशीत होती. देवाच्या माथ्यावर त्या दिवशी तिच्याच हातची दूर्वा चढली.

पाटलानं कुंपण स्वतः उपटलं. कोपऱ्यातलं दाताळं उचलून गवळणीच्या हाती देत म्हणाला, "घे. हे तुझ्याकडेच शोभतं."

"ते माझंच आहे, पाटील," गवळण म्हणाली. "तुमच्याकडचं काही द्यायचं असेल, तर जरा वाका."

आणि पाटील वाकला. पहिल्यांदाच. खालच्या पानाकडे बघायला.

तात्पर्य : कोवळं हवं असणाऱ्यानं आधी त्याला पोसून रिकाम्या झालेल्या जुन्याची विचारपूस करावी, डाग तिथूनच सुरू होतो.