हळदकुंकू लावलेलं सिम

“सूनबाईचा पायगुणच वाईट! तिच्या पहिल्याच दसऱ्याला माझ्या फोनची रेंज गेली.” टेलिफोन खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले नानासाहेब बायकोशी कुजबुजले, ते स्वयंपाकघरात मृण्मयीने ऐकलं. हा शिक्का आजच पुसला नाही तर जन्माचा चिकटेल, हे तिने ओळखलं.

नानासाहेबांनी फोन गच्चीवर नेला, बंद-चालू केला, कंपनीला शिव्या घातल्या. मृण्मयीने मुकाट्याने फोन घेऊन त्यातलं सिम काढलं. सकाळी शस्त्रपूजेत ‘हा फोनचा आत्मा’ म्हणून त्यांनीच त्याला ओलं हळदकुंकू लावलं होतं. तिने ते पुसून सिम बसवताच फोन खणाणला.

“मामंजी,” ती म्हणाली, “या घरात हळदकुंकू लागलं की वाचाच बसते. आज या सिमला वाचा फुटली, तशी मलाही.”