तोंड न पाहणारीची साक्ष

फार पूर्वी, म्हणजे पेशवाईत म्हणा हवं तर, एका शहराच्या पेठेत दोन बायका रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायच्या. एक येसू कासारीण, बांगड्या भरणारी. दुसरी म्हाळसा, फुटाणे भाजणारी. म्हाळसाच्या लेकीच्या लग्नात येसू चुडा भरत होती, तेव्हा एक काकण पिचलं. झालं! एवढ्याशा काकणावरून दोघींत अशी जुंपली की विचारू नका. "आजपासून तुझं तोंड पाहणार नाही!" म्हाळसा भर रस्त्यात ओरडली. येसूही काही कमी नव्हती. तिनंही तेच ऐकवलं.

तेव्हापासून म्हाळसा जो भेटेल त्याला सांगायची, "मी बाई त्या बाजूला बघतसुद्धा नाही." अख्ख्या पेठेला ते पाठ झालं होतं.

एके दिवशी एक सावकारीणबाई येसूकडे बांगड्या भरायला बसली. हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून तिनं शेजारी चटईवर ठेवल्या. तेवढ्यात ढोलाच्या गुबूगुबू तालावर नंदीबैल आला आणि सगळी पेठ तिकडे बघत राहिली. बैल पुढे गेला आणि पाहतात तो काय, पाटल्या गायब!

"हिच्याशिवाय जवळ होतंच कोण?" लोक म्हणाले. शिपायांनी येसूला धरून चावडीवर नेलं. त्या काळी चोरी शाबीत झाली की हात तोडायचे. आणि येसूचं तर हातावरच पोट! "मी नाही घेतल्या हो," म्हणून बिचारी रडत होती, पण ऐकतो कोण?

शिपाई साक्षीदार शोधत दुकानोदुकानी फिरले. ज्याला विचारावं त्यानं बैल पाहिलेला. ते म्हाळसापाशी आले, तर शेजारचा तांबोळी हसून म्हणाला, "हिला काय विचारता? ही तिकडे बघतच नाही!" शिपाई पुढे गेले.

 बरंच झालं की, म्हाळसाला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला! पण हातातला झारा काही हलेना. कढईतले चणे करपले तरी तिला कळलं नाही. शेवटी ती उठली आणि तडक चावडीवर गेली.

"सरकार, येसूनं चोरी केलेली नाही. मी पाहिलंय."

"तू?" कोतवाल म्हणाला. "तू तर म्हणे हिचं तोंडसुद्धा पाहत नाहीस."

जमलेले लोक खो खो हसले. म्हाळसा लाजेनं लालबुंद झाली.

"पाहते हो! रोज पाहते! तिच्याकडे गिऱ्हाईक किती, ती कुणाशी हसली, सगळं पाहते. बैलाकडे नव्हतंच माझं लक्ष. येसू दोन्ही हातांनी या बाईंचा पंजा दाबून बांगडी चढवत होती. निळ्या पागोट्याचा एक माणूस जोडा नीट करायला म्हणून तिथं वाकला आणि बैलामागून निघून गेला. आणि सरकार, हिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आधी पाणी तरी द्या तिला!"

हसणं थांबलं. "खरंच की," सावकारीणबाई म्हणाली, "हिनं माझा हात एकदाही सोडला नाही."

कोतवाल म्हणाला, "मैत्रिणीची साक्ष मी दहादा पारखली असती. पण ही वैरीण, आणि स्वतःचं हसं करून घेऊन बोलते आहे." त्यानं लगेच शिपाई धाडले. निळ्या पागोट्याचा माणूस वेशीजवळच सापडला, पाटल्या कमरेलाच खोचलेल्या.

येसू सुटली. चावडीबाहेर दोघी उभ्या राहिल्या, पण आधी बोलणार कोण? शेवटी येसू डोळे पुसत म्हणाली, "म्हाळसे, हल्ली गुडघा फार दुखतो ना गं तुझा? उठताना बघते ना मी."

त्यावर म्हाळसाला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

तात्पर्य काय, तर भांडणात तोंड फिरवलंत तर एक वेळ चालेल. पण निरपराधावर आळ आला, तर पाहिलेलं सांगायला तोंड उघडलंच पाहिजे. मग लोक हसले तर हसोत.