कचरा गावाबाहेर जातो तेव्हा

निंबरखेडच्या नगरपालिकेने प्रत्येक घराला कचराशुल्क लावायचं ठरवलं आणि लोकांच्या हरकती ऐकायला सभा बोलावली. नगराध्यक्ष भाऊसाहेब रणपिसे ऐटीत म्हणाले, "आम्ही तुमचा कचरा उचलून थेट गावाबाहेर नेतो. त्या सेवेचं शुल्क प्रत्येक घराने द्यायलाच हवं."

कचरा डेपोला लागून असलेल्या माळवस्तीतून द्वारकाबाई घोलप आल्या होत्या. डेपोच्या धुराने त्यांची नात सारखी खोकत असे. त्या उठल्या. "साहेब, आमची वस्ती गावात धरता की गावाबाहेर?"

"गावातच! म्हणून तर तुम्हालाही शुल्क आहे."

"मग कचरा गावाबाहेर गेलाच कुठे? तो आमच्या दारात पडलाय. न केलेल्या कामाचे पैसे कसे मागता? आणि आम्ही गावाबाहेरचे असू, तर आमच्याकडे मागायचा तुम्हाला हक्कच नाही."

सभेत हशा पिकला. भाऊसाहेब ओशाळले. "बरं बाई, तुमच्या वस्तीला शुल्क माफ."

द्वारकाबाई बसल्या नाहीत. "माफी नको, साहेब. पैसे आम्ही भरू. तुम्ही आमच्या दारातला कचरा उचला."

आता कुणी हसलं नाही. शुल्काचा ठराव तसाच बाजूला राहिला आणि डेपो हलवण्याचा विषय पहिल्यांदाच सभेपुढे आला.